वजन उतरवण्याचा सुरक्षित वेग आणि आपल्या घरातला भाकरी-तेलाचा हिशेब

पूर्णाकाठ (परभणी)

‘३० दिवसांत १० किलो’ अशी हमी देणाऱ्या पाट्या आता तालुक्याच्या गावांतही विजेच्या खांबांवर दिसू लागल्या आहेत. आमच्या कार्यालयातील दोघीजणी अशाच एका ठिकाणी पैसे भरून जेवणाऐवजी पावडर घोळलेले पाणी पीत आहेत. त्यांना नावे ठेवण्यासाठी हा धागा काढलेला नाही. त्या हमीचा हिशेब मांडून पाहावा, आणि घरातील इतर माणसांहून वेगळे न शिजवता आपल्या भागातील रोजच्या जेवणावर वजन किती वेगाने उतरवणे योग्य ठरेल, यावर इथल्या जाणकारांनी लिहावे, एवढाच उद्देश आहे.

माझा हिशेब असा आहे. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरींचा साठा. दहा किलो चरबी महिनाभरात घालवायची तर ७७,००० कॅलरींची तूट हवी, म्हणजे रोज अडीच हजारांहून अधिक. बैठे काम करणाऱ्या मध्यम बांध्याच्या माणसाची दिवसाची एकूण गरजच साधारण १८०० ते २२०० कॅलरी असते. याचा अर्थ महिनाभर निव्वळ पाण्यावर राहिले तरी ही तूट भरत नाही. मग काट्यावर जे उतरलेले दिसते ते काय असते? यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर पहिल्या काही दिवसांत संपते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असल्यामुळे दीड-दोन किलो वजन झटकन उतरते. पुन्हा पहिल्यासारखे जेवायला लागले की तेवढेच झटकन परत येते. त्यानंतरही उपासमार चालूच ठेवली तर चरबीबरोबर स्नायूही झिजू लागतात, आणि काट्याला या दोहोंतला फरक कळत नाही.

उलट रोज ५०० ते ५५० कॅलरींची तूट ठेवली तर आठवड्याला सुमारे अर्धा किलो उतरते. वैद्यकीय सल्ल्यात सामान्यतः आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग सुरक्षित मानला जातो. माझा स्वतःचा कौल अर्ध्या किलोच्या बाजूने आहे, कारण एक किलोसाठी रोज हजारेक कॅलरींची तूट लागते आणि कमी उंचीच्या, घरात वावरणाऱ्या बाईच्या ताटातून एवढे काढून घेतले तर मागे फारसे काही उरत नाही. प्रश्न एवढाच आहे की ही पाचशेची तूट ताटातून किती काढावी आणि चालण्यातून किती.

लाकडी_घाणा (लातूर)

पूर्णाकाठताई, हिशेब पटला. आमच्या घरात सात माणसे एका चुलीवर जेवतात, त्यामुळे ‘माझे वेगळे शिजवा’ हा मार्ग मला पहिल्यापासूनच बंद होता. अशा घरात तेल चमच्याने मोजण्याचा नेम दोन दिवसांच्या पुढे टिकत नाही, कारण फोडणी घालणारे हात बदलत असतात. त्यापेक्षा महिन्याचा डबा मोजावा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोजचे तेल ३८ ग्रॅमच्या आसपास पडते आणि त्याच्या सुमारे ३४० कॅलरी होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलेले आहे, म्हणजे चार माणसांना महिन्याला साधारण साडेतीन लिटर. हा दीड लिटरचा फरक पडला की माणशी रोज शंभर कॅलरी वाचतात आणि कोणाच्याही ताटातला घास कमी होत नाही. मात्र बाहेरची भजी आणि लग्नातली पंगत या हिशेबात येत नाहीत, हे ज्याचे त्याने ध्यानात ठेवावे. करडईचे तेल हलके असते म्हणून ते सढळ हाताने घातले तरी चालते, असे आमच्याकडे अनेकजण मानतात. चवीच्या किंवा हृदयाच्या दृष्टीने तेला-तेलांत फरक असेल, पण कॅलरी मात्र कोणत्याही तेलाच्या ग्रॅमला नऊच असतात.

दुसरी गोष्ट शेंगदाण्याची. वांग्याला कूट, दोडक्याला कूट, मेथीला कूट, शिवाय ताटात शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर कच्च्या तेलाची धार, हे आपल्याकडचे नेहमीचे ताट आहे. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण १७० कॅलरी असतात. शेंगदाण्यात पाव हिस्सा प्रथिने असल्यामुळे मी त्याच्यावर राग धरलेला नाही. कूट भाजीत घातला असेल त्या दिवशी चटणी वाढायची नाही, एवढा एकच नियम आमच्या घरात चालू आहे आणि त्याला कोणाची ना नाही.

तिसरी गोष्ट भाकरीची. आहाराच्या कागदावर ‘दोन भाकरी’ असे लिहून देतात, परंतु भाकरी केवढी हे कोणी लिहीत नाही. भाकरी थापण्यापूर्वी मळलेल्या पिठाचा उंडा काट्यावर ठेवण्याऐवजी कोरडे पीठच आधी मोजून पाहावे, म्हणजे पाण्याचा घोळ होत नाही. माझ्या सासूबाईंच्या भाकरीला ९० ग्रॅम पीठ लागते आणि माझ्या भाकरीला ६०. पहिलीच्या तीनशेच्या आसपास कॅलरी होतात, तर दुसरीच्या दोनशेच्या. दोघींच्या भाकरीला आमच्या घरात भाकरीच म्हणतात.

पहाटफेरी (परभणी)

आपण सर्व अभ्यासपूर्वक लिहीत आहात, परंतु चर्चा स्वयंपाकघरातच अडकते आहे असे मला वाटते. कृषी विद्यापीठाच्या परिसरातील रस्त्यांवर पहाटे जी मंडळी नियमाने चालायला येतात, त्यांच्यापैकी तेल मोजणारा मला अजून भेटलेला नाही, तरीही त्यांतले बरेचजण सडसडीत आहेत. माणूस चालत राहिला की झोप, भूक आणि रक्तातील साखर आपोआप ताळ्यावर येते. जेवणाचे मोजमाप सुरू झाले की घरात कटकट सुरू होते आणि पंधरा दिवसांत दोन्ही सुटते. माझे म्हणणे सरळ आहे. रोज तासभर भरभर चालावे आणि घरात जे शिजेल ते आनंदाने खावे.

बाह्यरुग्ण (अंबाजोगाई)

पहाटफेरी काकांच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. मी खाजगी दवाखाना चालवतो आणि चालणाऱ्या माणसांचा रक्तदाब व साखर न चालणाऱ्यांपेक्षा चांगली राहते, हे रोज पाहतो. मात्र वजन उतरवण्यापुरते बोलायचे तर चालण्याकडून आपण फार मोठी अपेक्षा करतो. सत्तर किलो वजनाचा माणूस तासाभरात पाच किलोमीटर चालला तर त्याच्या अडीचशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. त्यातील सत्तरेक तर तो खुर्चीत बसून राहिला असता तरीही खर्च झाल्या असत्या. म्हणजे तासाभराच्या घामाची निव्वळ कमाई पावणेदोनशे कॅलरी. वर ताईंनी सांगितलेली साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी एवढी कमाई पुसून टाकते, आणि फेरी संपल्यावर फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा आणि भज्यांची पुडी झाली तर शिल्लक उणे होते. विद्यापीठाच्या रस्त्यावर जी मंडळी सडसडीत दिसतात, त्यांच्या ताटात काय असते हे आपण पाहिलेले नसते, आणि ज्यांचे वजन वाढले त्यांच्यापैकी कितीतरीजणांनी येणेच सोडलेले असते.

आता दुसरी बाजू. निव्वळ ताट कमी करून वजन उतरवले तर उतरलेल्या वजनातील अंदाजे पाव हिस्सा चरबीचा नसतो. त्यात स्नायूंचा मोठा वाटा असतो आणि तूट जितकी मोठी, तितका हा वाटा वाढण्याची भीती असते. स्नायू घटले की शरीराचा बसल्या जागचा खर्च घटतो, जिने चढताना दम लागतो आणि पन्नाशीनंतर तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. म्हणून व्यायामाचे खरे काम चरबी जाळण्याचे कमी आणि स्नायू राखण्याचे अधिक आहे. चालण्याने पाय चालते राहतात, पण स्नायू टिकवायला ओझे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगितला. पहिला भाग सर्वांना पाठ असतो, दुसरा कोणी ऐकून घेत नाही. त्यासाठी व्यायामशाळेत जाण्याची गरज नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड काढणे, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या खांद्यावर उचलणे आणि पायरीवर चढ-उतार करणे यांनी सुरुवात होते. शेवटच्या दोन-तीन वेळा ताकद लावावी लागली तरच तो ताण म्हणायचा.

मी रुग्णांना साधारणपणे असे सांगतो की पाचशेच्या तुटीपैकी साडेतीनशे ताटातून आणि दीडशे हालचालीतून काढा. हा काही शास्त्रातला नियम नाही, ही माझी सोय आहे. ज्याचे गुडघे दुखतात त्याने ताटाकडे झुकावे. जो आधीच मोजका जेवतो त्याने हालचाल वाढवावी.

कोरडवाहू (गेवराई)

हा प्रश्न शहरातल्यांचा आहे, असे म्हणायला मी आलो होतो, पण लिहिता लिहिता विचार बदलला. आमच्या वडिलांच्या पिढीत माणूस न्याहारीला दोन, दुपारी तीन आणि रात्री दोन भाकरी खात असे आणि त्याची पोटे कधी सुटली नाहीत, कारण नांगरट, खुरपणी, मोट आणि पाच कोसांची पायपीट सगळे त्याच्या अंगावरच होते. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, फवारणी पंपाने होते, रानात जायला मोटारसायकल आहे आणि मुलगा तालुक्याला दुकानात बसतो. काम सुटले, ताट मात्र तेच राहिले. गावात चाळिशीच्या आतल्या माणसांना साखरेच्या गोळ्या चालू झालेल्या दिसतात त्या याच घरांतून. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना वजन उतरवण्याचा सल्ला देणे मात्र कोणी मनातही आणू नये. त्यांना पोटभर मिळते का, हा त्यांचा प्रश्न आहे.

एक विचारायचे होते. ज्वारीच्या भाकरीने वजन उतरते आणि गव्हाच्या पोळीने वाढते, असे आमच्याकडे शपथेवर सांगतात. यात तथ्य किती?

लाकडी_घाणा (लातूर)

कोरडवाहू भाऊ, पिठाला पीठ लावून पाहिले तर दोन्हींच्या कॅलरी जवळपास सारख्याच आहेत. शंभर ग्रॅमला तीनशे वीस-चाळीसच्या घरात. फरक पडतो तो वरच्या गोष्टींनी. पोळीला घडीत तेल, भाजताना तेल आणि उतरल्यावर तूप लागते, भाकरीला पाणी पुरते. शिवाय भाकरी चावून खावी लागते, जेवण सावकाश होते आणि पोट लवकर भरल्यासारखे वाटते. त्यामुळे भाकरीची बाजू मी घेईन, पण भाकरी आहे म्हणून चौथी घ्यायला हरकत नाही, हा युक्तिवाद मी ऐकून घेणार नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण काढला आहे. मिळाला तर तो अवश्य खावा, पण त्याच्या कॅलरी इतर ज्वारीइतक्याच धरून.

मांजराकाठ (धाराशिव)

दोन शंका आहेत. पहिली अशी की दिवसातून दोनदाच जेवण्याचा जो मार्ग डॉ. श्रीकांत जिचकार यांनी सांगितला आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवला, तो आमच्या भागात पुष्कळजण पाळतात. कडक भूक लागेल तेव्हा दोनदा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे, असा तो क्रम आहे. माझ्या चुलतभावाला त्याने चांगला गुण आला, मेहुण्याला मात्र काहीच फरक पडला नाही. असे का होत असावे?

दुसरी शंका आईविषयी आहे. तिचे वय ६३ आहे आणि मधुमेहासाठी सकाळी ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी चालू आहे. शेजारणीचे पाहून तिने रात्रीचे जेवण बंद केले आहे. गेल्या आठवड्यात पहाटे तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि साखर खाल्ल्यावर बरे वाटले.

बाह्यरुग्ण (अंबाजोगाई)

आधी आईंचे पाहू, कारण ते तातडीचे आहे. जे घडले ते रक्तातील साखर खाली गेल्याचे लक्षण दिसते. ग्लिमेपिराईडच्या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधे माणूस जेवला आहे की नाही हे पाहत नाहीत, ती साखर उतरवतच राहतात. म्हणून जेवण कमी करायचे असेल तर औषधाची मात्रा आधी बदलावी लागते, आणि ती बदलणे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे. उद्याच त्यांना भेटा, तोपर्यंत रात्रीचे जेवण पूर्ववत चालू ठेवा, आणि गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. घरात ग्लुकोमीटर असेल तर असे पुन्हा झाल्यास आकडा लिहून ठेवा. ७० च्या खाली आकडा आल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही उपवास किंवा भाकरी-भात पूर्ण बंद करण्याचा प्रयोग विचारल्याशिवाय करू नये, कारण त्यांत रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो आणि साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही तो संभवतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी वजन उतरवण्याचा घाट सध्या घालूच नये.

आता दोनदा जेवणाविषयी. ज्यांचे दिवसभराचे खाणे मधल्या चहा-बिस्किटांत, मुरमुऱ्यांच्या सुशील्यात आणि फरसाणाच्या वाटीत विखुरलेले असते, त्यांचे ते सारे एका फटक्यात बंद होते आणि तूट आपोआप पडते. आपल्या चुलतभावाचे बहुधा असे झाले असावे. ज्याच्या मधल्या खाण्यात मुळातच काही नव्हते, किंवा जो ५५ मिनिटांत तीन वेळचे भरून काढतो, त्याला फरक पडत नाही. दोनदा जेवा, तीनदा जेवा, दिवसाची बेरीज आणि तीत प्रथिने किती, याच्यावर निकाल ठरतो. ज्याच्या स्वभावाला आणि कामाच्या वेळांना जो क्रम मानवेल तो त्याने धरावा. पित्ताचे खडे असलेल्यांनी, गोळ्या-इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि पूर्वी खाण्यावरून मानसिक त्रास झालेल्यांनी मात्र लांब उपाशी राहण्याचा मार्ग विचारून धरावा.

पूर्णाकाठताईंच्या कार्यालयातील भगिनींसाठीही एक गोष्ट सांगून ठेवतो. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने, तेही महिनोन्महिने, वजन उतरत असेल तर पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाण वाढते. जेवल्यानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊ लागली तर ती पित्त झाले म्हणून अंगावर काढू नये. केस गळण्याचेही असेच आहे. उपासमार आज केली तर केस दोन-तीन महिन्यांनी गळतात, तोपर्यंत पावडर बंद झालेली असते आणि दोष नव्या शाम्पूला दिला जातो. पाळी लांबणे किंवा चुकणे हा त्याहून स्पष्ट इशारा आहे.

लाकडी_घाणा (लातूर)

डॉक्टरसाहेबांनी प्रथिनांचा उल्लेख केला म्हणून विस्ताराने लिहिते, कारण आपल्या ताटातली खरी उणीव हीच आहे. निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत असे राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. आता आपले ताट मोजू. दिवसभराच्या भाकरीच्या दोनशे ग्रॅम पिठातून वीस ग्रॅम येतात. पातळ आंबट वरणाच्या दोन वाट्यांत मिळून डाळ असते जेमतेम पंचवीस ग्रॅम, तिच्यातून साडेपाच. वीस ग्रॅम शेंगदाण्यांतून पाच. चहाचे दूध आणि अर्धी वाटी दही धरून सहा. बेरीज ३७ च्या आत राहते. वजन उतरवताना भाकरी कमी केली की ती आणखी खाली येते, आणि बरीच मंडळी भाकरीबरोबर वरणही सोडून देतात, ते तर मला अजिबात पटत नाही. त्याच संस्थेच्या २००० कॅलरींच्या ताटात धान्य २५० ग्रॅम आणि डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम आहेत. आपल्या घरातले प्रमाण पाहा. लातूरची तूरडाळ देशभर जाते आणि लातूरच्याच घरात वरणाचे पाणी वाढले जाते.

आम्ही केलेला बदल साधा आहे. वरण घट्ट केले. फोडणीचे तेल निम्मे केले आणि डाळ दुप्पट केली. संध्याकाळी चहाबरोबर फरसाणाऐवजी फुटाणे ठेवले. मटकी, चवळी, हुलगे आळीपाळीने भिजवले जातात. अंडी खाणाऱ्यांना एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात. शेताशेतांत सोयाबीन उभे असते, सगळे बाजार समितीत जाते आणि घरात त्याचा दाणाही शिजत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. ज्वारीच्या दळणात दहा हिश्शाला एक हिस्सा सोयाबीन घातले तर भाकरीची चव फारशी बदलत नाही. मात्र ते कच्चे दळायला देऊ नये, आधी उकडून वाळवावे किंवा खरपूस भाजावे, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात आणि ते उष्णतेनेच निष्क्रिय होतात.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी यातले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

पहाटफेरी (परभणी)

डॉक्टरांनी माझी निम्मी बाजू तरी ठेवली, त्याबद्दल आभार. भज्यांच्या पुडीविषयी मी मौन पाळतो.

चालण्याविषयी इथल्या हवेला धरून लिहितो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो आणि सकाळी आठलाच ऊन अंगाला भाजते, त्यामुळे उन्हाळ्यात साडेसहाच्या आत घरी परतलेले बरे. भर उन्हात जाड कपडे किंवा प्लास्टिकचे जाकीट घालून घाम काढणारे तरुण मैदानावर दिसतात. त्यांच्या अंगातले पाणी जाते, चरबी जागेवर राहते आणि उष्माघाताचा धोका अंगावर येतो. ज्यांना बाहेर पडणे शक्य नाही, आणि आपल्याकडे अनेक घरांतल्या सुना-लेकींना पहाटे एकट्याने बाहेर पडणे सोपे नसते, त्यांनी गच्चीवर किंवा अंगणात दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी ते जमेला धरले जातात. जेवणानंतरची दहा मिनिटे तर साखरेच्या दृष्टीने फारच चांगली, असे माझे डॉक्टर सांगतात. वजन जास्त आणि गुडघे नाजूक असतील तर पहिले दोन महिने धावण्याचा आणि दोरीवरच्या उड्यांचा नाद करू नये.

पूर्णाकाठ (परभणी)

सर्वांचे आभार. चित्र बरेच स्पष्ट झाले. मोजमापाविषयी माझ्याकडून थोडी भर घालते.

काट्यावर रोज उभे राहणाऱ्याने रोजच्या आकड्यावरून मन लावून घेऊ नये. मीठ, पाळीचे दिवस, बद्धकोष्ठ, आदल्या रात्रीची पंगत यांनी एका रात्रीत किलोभर वर-खाली होते. वेळ अमावस्येला रानात भज्जी, आंबील आणि खीर जेवून आल्यावर दुसऱ्या दिवशी काटा जे दाखवतो त्यात चरबी फारच थोडी असते. सकाळी पोट साफ झाल्यावर घेतलेल्या आकड्यांची आठवड्याची सरासरी काढावी आणि ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. काट्याच्या जोडीला शिंप्याची टेप हवी, कारण आपल्या लोकांत चरबी पोटाभोवती साठते आणि धोकाही तिथलाच अधिक असतो. भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत ठेवावा असे सांगितले जाते, आणि उंची-वजनाच्या निर्देशांकात (बीएमआय) २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. पाश्चात्त्य देशांतील २५ आणि ३० या आकड्यांवर विसंबून आपण ठीक आहोत असे समजू नये. घेर कमी होत आहे आणि वजन अडले आहे, असे व्यायाम सुरू केल्यावर काही आठवडे होऊ शकते. त्यात बिघडलेले काही नसते.

आणखी एक शंका आहे. दोन-तीन महिन्यांनी वजन ठप्प होते तेव्हा बहुतेकजण ताट आणखी निम्मे करतात. ते योग्य आहे का?

बाह्यरुग्ण (अंबाजोगाई)

घाईने निम्मे करू नये. ८० किलोचे शरीर चालवायला जेवढे लागत होते, तेवढे ७३ किलोच्या शरीराला लागत नाही, आणि कमी जेवणारा माणूस नकळत हालचालही कमी करतो. जिन्याऐवजी लिफ्ट घेतो, उभ्याने करायचे काम बसून करतो. त्यामुळे सुरुवातीची पाचशेची तूट आता दोनशेवर आलेली असते. दुसरीकडे वाटीचा आकार आणि तेलाची धारही हळूहळू पूर्वपदावर गेलेली असते. म्हणून ठप्प झाल्यावर पहिल्यांदा आठवडाभर सगळे पुन्हा मोजून पाहावे. मोजमाप ठीक निघाले तर शंभर-दीडशे कॅलरी कमी कराव्यात किंवा चालणे पंधरा-वीस मिनिटांनी वाढवावे. दिवसाच्या १००० कॅलरींखाली कोणीही आपल्या मनाने जाऊ नये, आणि बहुतेकांनी १२०० च्या खालीही जाण्याचे कारण नाही. तीन-चार महिन्यांत मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले असतील तर पुढचे काही आठवडे वजन आहे तिथेच धरून ठेवणे हेही मोठे काम आहे. एवढ्या घटीनेही रक्तदाब, साखर आणि यकृतावरची चरबी यांत मोजता येण्याजोगा फरक पडतो. ज्यांना काही न करता वजन वाढत किंवा उतरत आहे, त्यांनी आहार बदलण्यापूर्वी थायरॉईड आणि साखर तपासून घ्यावी.

मांजराकाठ (धाराशिव)

आईला डॉक्टरांकडे नेऊन आणले. त्यांनी गोळी बदलून दिली आणि रात्रीचे जेवण हलके पण नियमित ठेवायला सांगितले. आता पुढचा पेच असा आहे की श्रावण तोंडावर आला आहे आणि आई सोमवार, शनिवार, एकादशी असे सगळे उपवास धरते. घरातल्या बाकीच्यांचाही समज असा आहे की उपवासाने वजन उतरते.

लाकडी_घाणा (लातूर)

मधुमेहाच्या बाबतीत डॉक्टरसाहेबांनी घातलेली मर्यादा माझ्या लिहिण्याला लागू आहे असे समजून वाचावे. एका ताटभर साबुदाण्याच्या खिचडीत साठ ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम कूट आणि मोठा चमचाभर तेल धरले तरी साडेचारशेच्या वर कॅलरी होतात आणि प्रथिने सात ग्रॅमसुद्धा भरत नाहीत, तीही सगळी शेंगदाण्याची, कारण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्याच्यावर बटाट्याचे पापड, केळ्याचे वेफर आणि संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू आला की उपवासाचा दिवस इतर दिवसांपेक्षा जड जातो. आमच्याकडे श्रावणात भगर आणि शेंगदाण्याची आमटी चालते. आमटीला कूट निम्मा आणि ताक जास्त, भगरीबरोबर काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर घट्ट दही, तळण घरात आणायचेच नाही. एवढ्याने तीनशे-साडेतीनशेत जेवण होते. आईंना सोमवार सोडायचा नसेल तर सकाळी दूध आणि एक फळ, दुपारी हे जेवण आणि रात्री सोमवार सोडताना सर्वांबरोबर भाकरी आणि घट्ट वरण, असा क्रम डॉक्टरांना दाखवून घ्या. शनिवार आणि एकादशी यांविषयी मात्र आईंशी तुम्हालाच बोलावे लागेल. माझ्या सासूबाईंनी वयाकडे पाहून एकादशी ठेवली आणि शनिवार सुनेकडे सोपवला. तो आता मी धरते आणि त्या दिवशी दही थोडे जास्त घेते.